ॲपला पैसा मिळतो, माणसाला कोण देणार?

"किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी आरोग्याचं ॲप काढतोय. अनुदान कुठे मिळेल?" यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव परिसरातून येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न आता वारंवार दिसतो. विचारणाऱ्यांत माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक असतात, बचत गटाच्या ताई असतात, पुण्यात आयटीत नोकरी करणारा गावचा मुलगा असतो, नुकतीच नोंदणी झालेली एखादी संस्था असते. प्रश्न सगळ्यांचा एकच, पण उत्तर प्रत्येकाला वेगळं आहे. संस्थेला मिळणारा पैसा कंपनीला मिळत नाही, ग्रामपंचायतीकडून मिळणारा नगरपंचायतीच्या हद्दीत चालत नाही. आपण नेमके कोण हे न ठरवता दहा ठिकाणी अर्ज टाकले, की दहाही ठिकाणी फाईल पडून राहते.

शिवाय ॲप बनवायला पैसे देणारा एक वेळ सापडतो. पण रात्री साडेनऊला दहावीतल्या मुलीनं "आता नको वाटतं सगळं" असा मेसेज टाकला, तर उत्तर द्यायला समोर कुणी बसलेलं असायला हवं. त्या माणसाच्या मानधनाला पैसे देणारा मात्र शोधावा लागतो. खालचं सगळं मार्गदर्शन त्याच शोधासाठी आहे.

आधी फुकट काय मिळतं ते बघा

निधी मागायला गेलात की समोरचा पहिला प्रश्न हाच टाकतो: सरकारचं आहे ना, मग तुमचं कशाला? याचं उत्तर तयार हवं. आज उपलब्ध असलेल्या सेवा अशा:

- टेली-मानस: १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली केंद्र सरकारची मानसिक आरोग्य सेवा. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. तिचं ॲपही २०२४ मध्ये आलं.
- मैत्री क्लिनिक: राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (२०१४ पासून) १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांतली समुपदेशनाची सोय. राळेगावच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन समुपदेशकाचे वार आणि वेळ विचारून घ्या.
- चाइल्ड हेल्पलाइन १०९८: मूल संकटात असेल तेव्हा.
- शाळेतले आरोग्यदूत: आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात (२०२०) प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना हे काम द्यायचं आहे. तुमच्या शाळेत ते दोघं कोण, हे मुलांना माहीत आहे का?
- प्रेरणा प्रकल्प: शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी राज्याच्या आरोग्य विभागानं २०१५ मध्ये सुरू केलेला समुपदेशन कार्यक्रम. यवतमाळ त्यात आहेच. तो मोठ्यांसाठी असला, तरी ज्या घरात बाप खचलेला असतो त्याच घरात नववीतलं पोरही असतं.

एवढं असताना तुमची गरज का? कारण घरात स्मार्टफोन एकच आणि तो बापाच्या खिशात. कारण मुलीला फोन मिळतो तो भावाच्या देखत. कारण कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेच्या पालकसभेला कुणी येत नाही. कारण कोलाम पोडावरच्या (वस्तीवरच्या) आईला पुस्तकी मराठीतला व्हिडिओ परका वाटतो. ही दरी भरण्याचं काम तुम्ही करणार असाल, तर प्रस्तावात तेवढंच लिहा. दुसरी हेल्पलाइन काढतो असं लिहिलंत तर कुणी पैसे देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

ॲपच हवं का?

माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी नको. ॲप डाउनलोड करायला जागा लागते, अपडेट करायला डेटा लागतो, आणि फोन बापाचा असेल तर स्क्रीनवर दिसणारं त्याचं चिन्हच मुलाला अडचणीत आणतं. पालकांसाठी व्हॉट्सॲपवर आठवड्याला दोन मिनिटांचा वऱ्हाडीतला, शक्य तिथे कोलामी-गोंडीतला आवाजी संदेश, आणि मुलांसाठी शाळेतल्या टॅबवर ठरलेल्या तासाला वापर, इतक्यावर काम सुरू होतं. संस्थांसाठी व्हॉट्सॲपवरचे संवाद चालवणारी 'ग्लिफिक'सारखी मुक्त-स्रोत प्रणाली भारतातच तयार झाली आहे. ती वापरली तर सॉफ्टवेअर शून्यातून लिहून घ्यावं लागत नाही. मजकुरासाठी ठाण्याच्या आयपीएच संस्थेच्या 'आवाहन' या यूट्यूब वाहिनीवर मराठीत भरपूर आहे. ते दाखवून त्यावर गावच्या भाषेत गप्पा घडवा, नवे व्हिडिओ काढण्यात वर्ष घालवू नका.

देणगीदारांना दाखवायला जवळचे दोन दाखले आहेत. पहिला शेजारच्या अमरावती जिल्ह्यातला 'विश्राम' कार्यक्रम. टाटा ट्रस्ट्सच्या पाठबळावर ३० गावांत गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर काम केलं, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकियाट्री'त २०१७ मध्ये छापून आले. दुसरा दाखला गोव्याच्या 'संगाथ' संस्थेचा. वेलकम ट्रस्टच्या निधीतून चाललेल्या 'प्राइड' प्रकल्पात त्यांनी शाळकरी मुलांसाठी 'पॉड ॲडव्हेंचर्स' नावाचा मोबाइल खेळ केला. अडचण नीट मांडायची, पर्याय काढायचे आणि एक करून बघायचा, असं तो शिकवतो. मुलांच्या हातात फोन देऊन त्यांना एकटं सोडलं नाही, सोबत समुपदेशक ठेवला. पैसा कशावर मागायचा, याचं उत्तर या दोन दाखल्यांतच आहे.

तुम्ही शाळा असाल तर

तुमच्या हातात शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. आधी तिचा ठराव घ्या. केंद्राच्या 'विद्यांजली' पोर्टलवर सरकारी व अनुदानित शाळा टॅब, प्रोजेक्टर किंवा स्वयंसेवी समुपदेशकाचा वेळ अशी मागणी नोंदवू शकतात. तिथे रोख रकमेचा व्यवहार नाही, त्यामुळे हिशेबाची कटकटही नाही. गावातले माजी विद्यार्थी आणि लोकवर्गणी यांवर पहिले सहा महिने निघतात. पावती मात्र प्रत्येक रुपयाची द्या.

ग्रामपंचायतीचा मार्ग

हा मार्ग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. राळेगाव गावात नगरपंचायत आहे, तेव्हा पुढचं तालुक्यातल्या इतर गावांसाठी.

१. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. रक्कम लहान असेल, पण किशोरी मुलींच्या गटासाठी एक टॅब आणि मासिक रिचार्ज त्यात बसू शकतं.

२. राळेगाव तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायद्याखाली येणाऱ्या अशा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट मिळतो. तो ज्या कामांसाठी आहे त्यांत आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा स्वतंत्र गट आहे. खर्च काय करायचा ते ग्रामसभा ठरवते, ग्रामसेवक किंवा ठेकेदार नव्हे. तुमचं गाव यादीत आहे का ते पंचायत समितीत किंवा पांढरकवड्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारा.

३. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा अबंध निधी असतो. आशाताई या समितीत असतात. पालकांच्या बैठका, छपाई, स्पीकर यांपुरता तो ठीक.

४. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून हिवाळ्यात आकार घेतो. त्यात विषय आला नाही तर मार्चमध्ये सरपंचांच्या घरी फेऱ्या मारून उपयोग नाही. ग्रामसभेत प्रस्ताव लेखी द्या, ठरावाची प्रत मागून घ्या.

अबंध निधी मागच्या वर्षी कुठे गेला असं विचारल्यावर कुणी गप्प बसलं, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

जिल्हा पातळीवर जिल्हा नियोजन समितीत 'नावीन्यपूर्ण योजना' या शीर्षाखाली असे प्रस्ताव जातात, पण ते एखाद्या सरकारी विभागामार्फत, म्हणजे जिल्हा परिषदेचा आरोग्य किंवा शिक्षण विभाग. वणी भागातल्या कोळशामुळे जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठानचा निधीही आहे. तो खाणबाधित गावांचा. तुमचं गाव त्या यादीत नसेल तर त्याच्या मागे वेळ घालवू नका. आमदार निधीतून इमारत किंवा साहित्य होतं, समुपदेशकाचं मानधन होत नाही.

संस्था असाल तर: सीएसआर

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी काहीही किंवा त्याहून जास्त असेल, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात. प्रतिबंधात्मक आरोग्य आणि शिक्षण दोन्ही अनुसूची ७ मध्ये आहेत, म्हणजे तुमचा विषय बसतो. कायदा स्थानिक क्षेत्राला प्राधान्य द्यायला सांगतो. म्हणून मुंबईतल्या बँकेला पत्र लिहिण्याआधी जिल्ह्यातले उद्योग बघा: वणी भागातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, यवतमाळजवळचा रेमंडचा डेनिम कारखाना, मुकुटबनचा बिर्ला समूहाचा सिमेंट कारखाना. राळेगाव त्यांच्या अंगणात नाही, पण जिल्हा एक आहे. आजूबाजूच्या तालुक्यातल्या संस्थेबरोबर मिळून अर्ज केलात तर दार लवकर उघडतं.

कागद हे लागतात:

- विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी अशी नोंदणी, धर्मादाय कार्यालयाचा बदल अर्ज अद्ययावत
- आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यामुळे अर्जावर कलमाचा कोणता क्रमांक टाकायचा ते सीएकडून घ्या)
- कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक, निती आयोगाची दर्पण नोंदणी
- अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि लेखापरीक्षण अहवाल

शेवटच्या अटीवर नव्या संस्था अडतात. मार्ग एकच: पहिली तीन वर्षं एखाद्या जुन्या संस्थेच्या छत्राखाली काम करा. करारात मात्र लिहून घ्या की मुलांची माहिती कुणाच्या ताब्यात राहील आणि काम तुमच्या नावानं दाखवता येईल का.

केवळ मानसिक आरोग्याला निधी देणारे फार थोडे आहेत. मुंबईचा मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह हा त्यांतला महत्त्वाचा; टाटा ट्रस्ट्सनी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाबरोबर 'उडान' उपक्रम चालवला आहे. यांच्याकडे जाताना 'जनजागृती' हा शब्द कमी वापरा. किती मुलं, कोणत्या वर्गातली, कुणी बोलायचं, पुढे कुठे पाठवायचं, एवढं लिहा.

कंपनी किंवा स्टार्टअप असाल तर

खासगी कंपनीला सीएसआरची अंमलबजावणी संस्था होता येत नाही. संस्थेला सेवा पुरवणारी म्हणून बिल लावता येतं, इतकंच. तुमची वाट वेगळी: केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना (इन्क्युबेटरमार्फत, नमुना तयार करायला २० लाखांपर्यंत अनुदान), जैवतंत्रज्ञान विभागाच्या 'बायरॅक'चं ५० लाखांपर्यंतचं 'बिग' अनुदान, आणि युनिसेफचा व्हेंचर फंड, जो एक लाख डॉलरपर्यंत भांडवली हिस्सा न घेता देतो, अट अशी की तुमचं सॉफ्टवेअर मुक्त-स्रोत असलं पाहिजे. प्रत्येकाच्या पोर्टलवर अर्ज खुले आहेत का ते आधी बघा. गुंतवणूकदाराचा पैसा घेणार असाल तर एक विचार करून ठेवा: तो परत मागतो. राळेगावच्या पालकाकडून महिना ९९ रुपये मिळवून तो परत होणार नाही, मग जाहिरात किंवा मुलांची माहिती विकण्याचा मोह होतो. आणि तिथे कायदा आडवा येतो.

मुलांची माहिती: इथे चूक परवडत नाही

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, पण निधी देणारे आताच विचारतात. तुमच्यापुरतं सार असं: १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या वर्तनावर पाळत नको, त्यांना लक्ष्य करून जाहिरात नको. मुलांबाबतच्या कर्तव्यात कसूर झाली तर दंड २०० कोटींपर्यंत. आरोग्य आणि शिक्षण संस्थांना नियमांत काही मर्यादित सवलती आहेत. त्या आपल्याला लागू आहेत असं स्वतःच गृहीत धरू नका.

अडचण उघड आहे. ज्या मुलाला बापाबद्दलच बोलायचं आहे, त्याच्यासाठी बापाची संमती कशी मागायची? व्यवहारात निघालेली वाट अशी: वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत संपूर्ण कार्यक्रमासाठी संमती घ्यायची, आणि त्याच अर्जावर छापायचं की मुलाचं बोलणं पालकांना सांगितलं जाणार नाही, जीवाला धोका किंवा अत्याचार असेल तर मात्र गुप्तता राहणार नाही. हे शेवटचं वाक्य मुलांनाही पहिल्याच दिवशी सांगा. पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवावीच लागते, स्वयंसेवकालासुद्धा. आणि ऑनलाइन डॉक्टर देणार असाल तर २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अल्पवयीन मुलाबरोबर सज्ञान व्यक्ती लागते.

अंदाजपत्रक कसं मांडायचं

समजा, दहा शाळांसाठी वर्षाला दहा लाख रुपये मागताय. मी असे लावेन:

- दोन अर्धवेळ समुपदेशक आणि त्यांच्यावर देखरेख करणारा एक अनुभवी मानसतज्ज्ञ: ५ लाख
- स्थानिक भाषेतले ध्वनिमुद्रण आणि मजकूर: १.५ लाख
- तांत्रिक खर्च, संदेशांचे शुल्क, टॅबची दुरुस्ती: १ लाख
- प्रवास आणि गावोगावच्या पालक बैठका: १ लाख
- लेखापरीक्षण, कायदेशीर सल्ला, माहितीची सुरक्षा: ७५ हजार
- मोजमाप: ७५ हजार

बहुतेक ठिकाणी हे उलटं असतं: सहा-सात लाख ॲप बनवणाऱ्याला आणि समुपदेशकाच्या रकान्यात 'स्वयंसेवक' हा शब्द. स्वयंसेवक परीक्षेच्या काळात गायब होतात, आणि मुलांना गरज नेमकी तेव्हाच असते. देखरेखीचे पैसे कापा असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. रोज जड गोष्टी ऐकणाऱ्या तरुण समुपदेशकाला स्वतःला बोलायला कुणी लागतं.

'किती डाउनलोड झाले' हे मोजमाप म्हणून देऊ नका. किती मुलांनी दुसऱ्यांदा संपर्क केला, किती जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मैत्री क्लिनिकला पाठवलं आणि त्यांतले किती खरंच पोहोचले, हे आकडे ठेवा. लहान असले तरी चालतील.

फसगतीच्या जागा

- "सीएसआर मिळवून देतो, आधी २० टक्के द्या" म्हणणारे दलाल जिल्ह्याजिल्ह्यांत फिरतात. देणगीतला हिस्सा रोखीनं परत मागितला तर तो सरळ गुन्हा आहे. कंपनीच्या सीएसआर समितीशी थेट पत्रव्यवहार करा.
- अमेरिकेतल्या गावकऱ्यानं पैसे पाठवले तर आधी त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परकी देणगी ठरते आणि एफसीआरए नोंदणीशिवाय घेता येत नाही.
- ८०जी सवलत सांगून वर्गणी मागताना दोन गोष्टी लपवू नका: २,००० रुपयांवर रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या नोकरदाराला ती मुळातच नाही.
- औषध, शीतपेय किंवा 'हेल्थ ड्रिंक'वाली कंपनी प्रायोजक होते म्हणाली, तर मुलांच्या संदेशात तिचं नाव दिसणार का हे आधी विचारा. दिसणार असेल तर नकार द्या.

पालक म्हणून पैसे भरत असाल तर

फोनवरून "तुमच्या मुलाची मानसिक चाचणी मोफत" असं सांगून वर्षाचं पॅकेज गळ्यात मारणारे आहेत. चाचणी घेणाऱ्याची पात्रता आणि नोंदणी विचारा. शुल्क महिन्याचं भरा, वर्षाचं किंवा कर्जाच्या हप्त्यावर नको. खात्यातून आपोआप पैसे जाण्याची परवानगी दिली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २४ तास आधी सूचना यायला हवी, आणि ती परवानगी तुम्ही कधीही रद्द करू शकता. पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बंद करायची वेळ आली तर

निधी संपतो, हे गृहीत धरून पहिल्याच करारात एक कलम घाला: निधी थांबण्याआधी तीन महिने सूचना, तेवढ्या काळाच्या समुपदेशनाचा खर्च वेगळा राखून ठेवलेला, आणि समुपदेशन चालू असलेल्या प्रत्येक मुलाची मैत्री क्लिनिककडे किंवा शाळेतल्या आरोग्यदूताकडे समक्ष ओळख. शेवटच्या आठवड्यात कार्यक्रमाच्या क्रमांकावरून आपोआप जाणारं उत्तर १४४१६ हा क्रमांक देईल असं करून ठेवा आणि तो मोबाइल क्रमांक किमान वर्षभर रिचार्ज करत राहा. सोडून दिलेला नंबर कंपनी दुसऱ्या कुणाला देते आणि मुलांचे मेसेज अनोळखी माणसाकडे जातात. नोंदींमधली नावं पुसल्याचं पत्र संस्थेच्या सहीशिक्क्यानं शाळेला द्या, एक प्रत फाईलला.